वीतभराला चार बोटं कमी

घेतली तेव्हा म्हापशाचा आग्नेल मेस्त म्हणाला,
बाय, गाडी बरी, तुझो रस्तो वायट.
मी हसले.
लाल रंग, मागे दोन सायलेन्सर,
आणि दुसऱ्याचा तिसरा टाकताना
पाठीत कुणी आपुलकीनं थाप मारावी तसा धक्का.
सेकंड हँड. एका दंतवैद्याच्या मुलाची.
तो पासपोर्ट बदलून लिस्बनला गेला
आणि सीटवर सिगारेटचं एक भोक ठेवून गेला.
गाडी थांबली की माझी करंगळी
आपोआप त्या भोकात जाते.

राहते मयेला, नोकरी बांबोळीला, रक्त तपासायची.
मध्ये चोडण, मग नदी.
डिकीत नारळ, सासूबाईंचं हरिक-तांदळाचं दळण,
शनिवारी बांगडे; त्यांचा वास बुधवारपर्यंत.
शेजारच्या शेवंतीमावशी दर वेळी विचारतात,
हिच्यात बसायचं की निजायचं?
आणि उतरताना माझा खांदा धरून
देवाचं नाव घेतात, जरा मोठ्यानंच.

काट्यावर दोनशे वीसपर्यंत आकडे आहेत.
चोडणच्या बांधावर म्हशी आहेत.

एकदाच, रात्रपाळी संपवून,
घर उत्तरेला असताना मी दक्षिणेला वळले.
झुआरीचा नवा पूल, पहाटेचे पावणेपाच,
कुणाचंही रक्त माझ्या हातात नव्हतं.
एकशे अठरा.
मग कुठ्ठाळीला वळून चहा प्यायले
आणि घरी सांगितलं, उशीर झाला, मशीन बिघडलं होतं.

बाकी रोज फेरी.
हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद,
आणि एवढी धावरी गाडी
पाण्यावरून उभ्या उभ्या जाते.
मोटारसायकलवरची पोरं काच ठोकतात,
कितली धांवता गो?
मी म्हणते, फेरी धांवता तितलीच.

हिनं मला वेग नाही शिकवला.
हिनं तिथ्या शिकवल्या.
अष्टमीला भांग, पाणी मवाळ,
रायबंदरचा धक्का सपाट, नाक न घासता चढते.
अमावास्या-पुनवेला उधाण;
सुकतीला गेलं पाणी की धक्का भिंतीसारखा उभा
आणि पोटाखाली तो आवाज,
तवा खरवडल्यासारखा, माझ्या दातांत.
जमिनीपासून वीतभराला चार बोटं कमी,
आग्नेलनं बोटं लावून दाखवलं होतं.
आता फ्रिजवर कॅलेंडर आहे,
त्यावर माझ्या पाळ्यांच्या शेजारी चंद्राच्या.

फेरीवर सोयरू गांवस होता.
पहिल्या उधाणाला त्यानं वाकून गाडीचं पोट पाहिलं,
गाभण गाय पाहावी तसं,
आणि दुसऱ्या उधाणाला कुठूनशा
दोन फणसाच्या फळ्या आणून ठेवल्या.
चाकं फळीवर, हळू, आनीक मातशी, आनीक मातशी, बस.
तीन वर्षं. पैसे घेतले नाहीत.
एकदा बांगडे दिले, ते घेतले.

गेल्या महिन्यात त्याची बदली झाली दुसऱ्या धक्क्यावर.
नवा मुलगा शिटी वाजवतो, फोन बघतो.
अमावास्या होती, पाणी पार तळाला,
मागे टेंपो, टेंपोमागे सगळं चोडण.
मी उतरले. सलवार वर खोवली.
फळ्या रेलिंगमागे तशाच होत्या, दोरीनं बांधलेल्या.
एक लावली, दुसरी लावायला उलटी केली
तर खालच्या अंगाला, पांढऱ्या रंगानं,
माझ्या गाडीचा नंबर.
एक आकडा चुकलेला.

मागे हॉर्न वाजत होता.
वाजव, बाबा.
पहिला गिअर, अर्धा क्लच,
मी श्वास पोटात घेतला
जणू तेवढ्यानं ती वर उचलली जाणार होती.